दोन गुंठ्यांतला खेळ

गावातल्या भिंती खेळाच्या बाजूने नसतात. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला आमच्या लहानपणी जे क्रिकेट व्हायचं, त्यात खरा सामना दोन संघांत नसायचाच. एकीकडे झाडून सगळी पोरं आणि दुसरीकडे गल्लीतल्या भिंती. एका भिंतीमागे दुपारची झोप काढणारे तापट आजोबा, दुसरीमागे उन्हात घातलेल्या कुरडया, तिसरीमागे नुकतीच व्यालेली म्हैस. चेंडू टप्पा न पडता भिंतीला लागला की आऊट. भिंतीपलीकडे गेला की आऊट, शिवाय ज्याने मारला त्यानेच तो आणायचा. म्हशीकडे गेला तर खेळ आजच्यापुरता संपला. हे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, कुणी शिकवलेही नव्हते. जागेनेच ते केले होते. पलीकडच्या आळीत गेलं की नियम बदलायचे, कारण तिथे म्हैस नव्हती, पण विहीर होती.

त्यामुळे पॅडेल नावाच्या एका खेळात भिंत खेळणाऱ्याच्या मदतीला येते हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ते पचायला वेळ लागला. चेंडू तुमच्या बाजूला एक टप्पा पडला, तुम्हाला चकवून मागे गेला, मागच्या काचेच्या भिंतीवर आपटला, तरी तुमचा गुण गेलेला नाही. चेंडू भिंतीवरून परत येतो आणि दुसरा टप्पा पडायच्या आत तुम्ही तो पलीकडे धाडू शकता. ज्या भिंतींपायी आमच्या पिढीचे कित्येक फलंदाज शून्यावर गेले, त्याच भिंतींवर या लोकांनी अख्खा खेळ उभा केला आहे.

खेळाचा जन्मही आमच्या गल्लीतल्यासारखाच, जागेच्या अडचणीतून झालेला. अडचण तेवढी श्रीमंताची. मेक्सिकोत अकापुल्को नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे एन्रिके कॉर्क्वेरा नावाच्या गृहस्थांना आपल्या घरी टेनिसचं मैदान करायचं होतं. जागा पुरेना. मग १९६९ मध्ये त्यांनी असेल तेवढ्या जागेत छोटं मैदान आखलं आणि चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून भोवती भिंती घातल्या. भिंती आल्याच आहेत, तर त्यांच्यावरून येणारा चेंडूही खेळायचा, असं ठरलं. आमच्याकडे असं ठरवायला आधी आजोबांची परवानगी लागली असती. पुढे कॉर्क्वेरांच्या घरी पाहुणे आलेले अल्फोन्सो दे होहेनलोहे नावाचे राजपुत्र या खेळाच्या प्रेमात पडले आणि १९७४ मध्ये तो त्यांनी स्पेनमध्ये मार्बेयाला नेला. तिथून तो अर्जेंटिनात गेला. १९९१ मध्ये माद्रिदला आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. आता स्पेनमध्ये तो गल्लोगल्ली आहे, आखाती देशांत वातानुकूलित शेडमध्ये आहे, आणि तिकडून फिरत फिरत मुंबईत आणि पुण्यातही येऊन पोचला आहे.

पुण्यात तो उशिरा आला याचं एका अर्थी बरंच वाटतं. लवकर आला असता तर पुणेकरांनी त्याचे नियम नव्याने लिहायला घेतले असते. या शहराला ती जुनी सवय आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी फुलाला बॅट मारण्याचा खेळ खेळत, त्याचे सुरुवातीचे नियम इथेच ठरले आणि बॅडमिंटन हे नाव रुळण्याआधी त्या खेळाला ‘पूना’ असंच म्हणत. खो-खो तर आपल्या मातीतलाच. त्याचे नियमही १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यावर बसून केले गेले. आम्ही इंदापूरकर पुण्याला नावं ठेवतो, पण जिल्हा एकच असल्यामुळे या श्रेयात थोडा वाटा आमचाही धरतो.

कळंबच्या पारावर मी जेव्हा या खेळाचा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो नियमांचा नव्हता.

“जागा किती लागते?” एकाने विचारलं.

“वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद.”

“म्हणजे दोनशे चौरस मीटर. म्हणजे दोन गुंठे,” दुसऱ्याने बोटं न मोडता सांगितलं. आमच्या तालुक्यात माणसाला स्वतःचं वय सांगताना अडखळायला होईल, क्षेत्र सांगताना नाही. पाठोपाठ हिशेब सुरू झाला. एकरी चाळीस टन ऊस धरला, तर दोन गुंठ्यांत दोन टन. टनाला तीन हजार धरले, तर वर्षाचे सहा हजार, त्यातून खत, पाणी, मजुरी वजा. आणि पुण्यात त्याच दोन गुंठ्यांचं तासाचं भाडं हजाराच्या घरात आहे, असं मी म्हटल्यावर पारावर जी शांतता पसरली, ती दुखवट्याच्या सभेलाही कधी पाहिली नव्हती.

“पाणी किती लागतं?” शेवटी एकाने खोल आवाजात विचारलं.

“काहीच नाही. गवत प्लास्टिकचं असतं. बहुतेक ठिकाणी निळं.”

“निळं गवत,” तो म्हणाला आणि गप्प बसला.

“वरून बारीक वाळू पसरतात,” मी माहिती पुरवली. पण आमच्याकडे चारचौघांत वाळूचा विषय निघाला की माणसं आवाज खाली करतात, तसे दोघे-तिघे इकडेतिकडे बघायला लागले. मी विषय गवतावर परत आणला.

कळंबचा पार हा निव्वळ शेतकऱ्यांचा पार नाही. आमच्या शिवारात वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला, त्याभोवती वालचंदनगर वसलं. पुढे तिथेच साखर कारखान्यांची यंत्रं तयार व्हायला लागली आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची आवरणंही. त्यामुळे पारावर जितके ऊसवाले, तितकेच निवृत्त फिटर, टर्नर आणि वेल्डर. त्यांच्यातले एक आप्पा. हिशेब चालू होता तोवर ते काही बोलले नव्हते. आता म्हणाले, “काच किती एमएमची?”

“दहा किंवा बारा.”

“टफन?”

“टफन.”

आप्पांनी काडी घेतली आणि मातीत आकृती काढली. मागची भिंत दहा मीटर, दोन मीटर रुंदीची एक काच, म्हणजे पाच काचा, उंची तीन मीटर. दोन्ही टोकांच्या मिळून दहा. कोपऱ्यातून पुढे दोन्ही अंगांना चार-चार मीटर काच. त्यातली पहिली पूर्ण उंचीची, दुसरी उतरती, दोन मीटरची. म्हणजे पूर्ण उंचीच्या चौदा, आखूड चार. उरलेल्या जागी लोखंडी जाळी, मधोमध नेट. नेटची उंची मधे अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर, कडेला ब्याण्णवपर्यंत. “बोल्टाच्या भोकाला रबरी वायसर असणार,” ते म्हणाले, “नाहीतर लोखंड काचेला खातं.” खेळाचा एक नियम माहीत नसलेल्या माणसाने मैदान बसवून काढलं होतं. चेंडू कुठून येतो आणि कुठे जातो, यात त्यांना अजिबात रस नव्हता. काच तो सहन करते की नाही, एवढंच पाहायचं होतं.

मला स्वतःला त्या काचेच्या आत जायचा योग आला तो भाचीमुळे. ती पुण्यात नोकरीला असते. माझं खता-बियाण्यांचं दुकान. कंपनीच्या मीटिंगसाठी पुण्याला गेलो होतो आणि तिच्याकडे उतरलो होतो. संध्याकाळी तिचा चेहरा पडलेला. पॅडेलला चौघंच लागतात, ना तिघं चालत, ना पाच, आणि चौथ्याने आयत्या वेळी टांग दिली होती. भाडं भरून झालेलं.

“मामा, तुम्ही चला.”

“अगं, माझं वय काय, माझे बूट काय!”

“वयाचं काही नाही. बुटांचं बघू.”

असा मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खेळायला हवा होतो. लहानपणी संघ निवडताना मी बहुधा शेवटी उरायचो आणि ज्याच्या वाट्याला यायचो, तो आकाशाकडे बघायचा.

हातात दिलेली बॅट ही कढईतून भजी काढायच्या झाऱ्याची मोठी बहीण. तारा नाहीत, जाळी नाही. जाड, आखूड, सपाट, आणि आरपार भोकं पाडलेली. मुठीला दोरीचा पट्टा असतो आणि तो मनगटात अडकवणं नियमानेच सक्तीचं आहे. का, ते दहा मिनिटांत समजलं. घामेजलेल्या हातातून ती सुटली असती, तर नेटपलीकडच्या एका आयटीवाल्याच्या कपाळाचा निकाल लागला असता.

सर्व्हिस करायची ती खालून. चेंडू जमिनीवर टाकायचा, उसळला की कमरेच्या वर न जाता तिरपा समोरच्या चौकोनात ढकलायचा. टेनिसमधली ती डोक्यावरून मारायची सर्व्हिस शिकण्यात माणसांची वर्षं जातात. ही पहिल्या संध्याकाळी जमते. समोर टप्पा पडून चेंडू काचेला लागला तर चालतो, जाळीला लागला तर सर्व्हिस फुकट. गुण टेनिसचेच, पंधरा, तीस, चाळीस. आपण मारलेला चेंडू समोरच्याच्या भिंतीवर थेट आपटून चालत नाही, आधी तिथल्या जमिनीला लागायला हवा. आपली स्वतःची मागची काच मात्र आपल्याला वापरता येते: तिच्यावर चेंडू मारून तो पलीकडे पाठवला तरी रास्त. एवढं कळलं की खेळायला मोकळे. आणखी एक नियम ऐकून तर मला घरी आल्यासारखं वाटलं. जोराने मारलेला चेंडू टप्पा पडून भिंतीवरून बाहेर गेला, तर खेळाडू बाजूच्या दारातून बाहेर धावत जाऊन तो आत परतवू शकतो. जिथे नियमाने मुभा असेल तिथे मोठमोठे खेळाडू तसे धावतातही. भिंतीपलीकडचा चेंडू आणायला आमची उभी हयात गेली. त्यालाही जगात कुठेतरी गुण देतात, एवढंच ठाऊक नव्हतं.

सगळ्यात अवघड धडा चेंडू मारण्याचा नव्हता, न मारण्याचा होता. चेंडू आपल्याकडे येताना दिसला की पुढे झेपावून तो तोडायचा, हे क्रिकेटवर वाढलेल्या हाताला कुणी शिकवावं लागत नाही. भाची मागून ओरडत होती, “मामा, धावू नका! वळा! जाऊ द्या त्याला!” जाऊ द्या म्हणजे काय? चेंडू शेजारून मागे निघालाय आणि त्याला वाट करून द्यायची? पण एकदा दिली. अंग तिरकं केलं, काचेपासून दोन पावलं पुढे सरलो, बॅट खाली ठेवली. चेंडू खांद्याजवळून मागे गेला. काचेवर तो लागल्याचा मऊसा, पोकळ आवाज आला. आणि मग जो चेंडू जाताना डोळ्यांना नीट दिसतही नव्हता, तो परत येताना वेग टाकून आला होता. गुडघ्याच्या उंचीवर, माझ्या पुढ्यात, क्षणभर थांबल्याइतका सावकाश. मी तो खालून उचलून समोरच्या दोघांच्या डोक्यांवरून मागे टाकला. फार काही केलं नव्हतं. वाट पाहिली होती, बस्स.

तिथून पुढे मी खेळापेक्षा माणसंच जास्त पाहिली. आमच्या समोरचा गडी व्यायामशाळेत जाणारा होता, दंड असे की शर्टाच्या बाहीला धाप लागावी. तो प्रत्येक चेंडू असा हाणायचा, की तो आमच्या बाजूला टप्पा पडून मागच्या काचेवर आदळायचा आणि काचेवरून जो निघायचा तो थेट मधे, आमच्या हातात आयता. जितका जोर जास्त, तितका चेंडू परत यायला उत्सुक. बिचारा घामाघूम होऊन आमचंच काम सोपं करत होता. शेजारच्या कोर्टवर साठीतलं एक जोडपं दोन पोरांशी खेळत होतं. आजी नेटजवळ उभ्या, आजोबा मागे. दोघंही धावत नव्हते. पोरं नेटवर चाल करून आली की आजोबा चेंडू उंच त्यांच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात टाकत. तो दोन काचांच्या सांध्यात लागून कुठल्या दिशेने निघेल, हे पोरांना कळेपर्यंत त्याचा दुसरा टप्पा पडलेला असायचा. या खेळात नेटजवळची जागा मोलाची आणि ती जागा समोरच्याकडून सोडवायची, एवढंच सगळं राजकारण. आजोबा ते कोळून प्यायले होते. ते आधी कुठल्या खात्यात होते, ते विचारायचं राहिलं, महसूल असावं.

नवशिक्याला हा खेळ सोपा का वाटतो, त्याचं उत्तर मला तिथे बाकावर घाम पुसताना सापडलं. बाकीचे बहुतेक खेळ माणसाकडे काय कमी आहे ते पहिल्याच तासाला दाखवून देतात. हा खेळ मुळात कमतरतेतूनच निघाला आहे. जागा कमी होती म्हणून भिंती आल्या आणि भिंती होत्या म्हणून चेंडू परत यायला लागला. जोर कमी असेल, तर इथे ते फायद्याचं. पाय मंद असतील, तर अर्धं धावणं काच करते. आमच्या गल्लीत हेच घडायचं. पोरं पाच असली तर पाचांचा खेळ, लंगडणारा असला तर त्याच्यासाठी पळायला दुसरा, धाकटा असला तर तो कच्चा लिंबू. असेल त्यावर खेळ बसवायचा. पुढे मोठी मैदानं पाहिली, त्यांचे नियम पाठ केले, आणि खेळावर माणूस बसवायची रीत अंगवळणी पडली. जो बसला नाही, तो प्रेक्षक झाला. मी फार वर्षं प्रेक्षक होतो.

हे सगळं मी पारावर येऊन सांगितलं आणि कळंबला असं एखादं कोर्ट व्हायला काय हरकत आहे, असंही म्हणून बसलो. मध्यंतरी योग चांगला होता. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे राज्याचे क्रीडामंत्री झाले होते. तेव्हा अर्ज करायला हवा होता, असं पारावरच्या एकाचं म्हणणं. पण पुढचा पावसाळा सरायच्या आत खाती बदलली आणि भरणेमामांकडे कृषी खातं आलं. “म्हणजे आता त्या दोन गुंठ्यांत ऊसच लावायचा आहे,” एवढं बोलून त्याने तंबाखू चोळायला घेतली.

आप्पांचं मत निराळं. जागा मिळेल म्हणाले, पैसा गोळा होईल, लोखंडी सांगाडा तर आपली माणसं इथेच करतील. ज्यांनी रॉकेटचं काम केलं, त्यांना अठरा काचांचं काय! प्रश्न दुसराच आहे. “चौघं कुठून आणणार?”

मला आधी हसू आलं. ज्या तालुक्यात आषाढात तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीला रिंगण होतं आणि अश्व धावताना पाहायला पायाला जागा मिळत नाही, तिथे चार माणसांची वाण? पण आप्पांनी काडी पुन्हा हातात घेतली आणि मातीत चार रेघा ओढल्या. गुरुवार, संध्याकाळी सहा. पहिल्याची त्या दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी; ती चुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत ऊस वाळणार. दुसऱ्याची सेकंड शिफ्ट. तिसऱ्याच्या रानात तोड आलेली, आणि टोळी आली की मालकाने बांध सोडायचा नसतो. चौथ्याच्या मोटरला या आठवड्यात लाइट रात्रीची, म्हणजे तो संध्याकाळी झोपणार. एकेकाच्या रेघेवर फुली पडत गेली. माणसं होती, वेळही होता, पण चौघांचा मिळून एक तास काही केल्या जुळेना. पुण्यातही तेच असणार, फक्त तिथे कालव्याच्या जागी मीटिंग. एरवी माझ्यासारख्याला तिथे कोण बोलावतं? ज्या खेळाला जागा कमी चालते, जोर कमी चालतो, उमेदही थोडी कमी चालते, त्याला माणूस मात्र एकही कमी चालत नाही.

आता हा प्रश्न अगदीच सुटला नाही, असं नाही. आप्पांनीच बराच वेळ विचार करून एक तोडगा काढला आहे. ज्याची पाण्याची पाळी येईल त्याने डाव अर्धवट सोडून जायचं, त्याच्या जागी पारावर बसलेल्या पुढच्या माणसाने आत यायचं आणि गुण जिथले तिथून पुढे मोजायचे. पाणी देऊन पहिला परतला, तर बदली गड्याने निमूट बाहेर यायचं. आणि लाइट गेल्यामुळे पहिला मोटर बंद करून लवकर आला, तरी त्याला परत घ्यावंच लागेल. कच्चा लिंबू एका बाजूला एकच. काचेवर पान थुंकलं, तर दोन गुण वजा. माद्रिदचा महासंघ हे मानणार नाही, असं मी म्हणून पाहिलं. आप्पा म्हणाले, आधी न मानू देत. पुणे जिल्ह्यात ठरलेले नियम जगाने याआधीही मानलेले आहेत.